जळालेल्या उतारावर या पावसाळ्यात कुदळ मारू नका

टेकडीवर झाडं लावणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना, आणि त्यांना जागा नेमून देणाऱ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी फोनवर निमंत्रण आलं. वेताळ टेकडीचा कोथरूडच्या अंगाचा जो उतार मार्चमध्ये जळाला, तिथे ५ जूनला, पर्यावरण दिनी, वृक्षारोपण ठरलंय. रोपं आलीत, खड्डे आदल्या रविवारी घ्यायचेत, ज्यांच्याकडे कुदळ-फावडं असेल त्यांनी बरोबर आणावं. वणवा लागला त्या दुपारी तुमच्यातले कितीतरी जण ओल्या फांद्या घेऊन वर धावले होते. धुरात कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण हाका ओळखीच्या होत्या. मीही तिथे होते. तेव्हा तुमच्या कळकळीबद्दल मला तीळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहायचं धाडस करते आहे.

विनंती एकच आहे. त्या उतारावर या पावसाळ्यात एकही खड्डा घेऊ नका.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि गेली अनेक वर्षं रोज सकाळी ही टेकडी चढते. वणव्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या जागी गेले. गवताची काळी खुंटं पायाखाली चुरचुरत होती, वारा आला की राख उडून चपलेत जात होती. बसकण मारली आणि पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने जमिनीला एक उभी काप दिली, वीतभर लांब. वरचा काळा थर माझ्या नखापेक्षा जाड नव्हता. त्याखालची माती नेहमीसारखीच तपकिरी होती. त्यात गवताचं एक बारीक मूळ होतं, पांढरंशुभ्र, धगीचा डागही नसलेलं. आणि अगदी वरच्या थराला लागून, तिरकं रुतलेलं, कुसळीचं एक बी होतं.

कुसळी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. दिवाळीनंतर टेकडीवर गेलं की पायमोज्यात आणि साडीच्या काठात घुसून टोचतं तेच गवत. त्याच्या बियाला खाली सुईसारखं टोक असतं, टोकावर मागे वळलेले पिंगट केस असतात आणि वर लांब, काळपट, पीळ दिलेली शेपटी असते. ती शेपटी म्हणजेच कुसळ. हिवाळ्यात एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन यांच्यावर हा खेळ कित्येक दिवस चालतो, आणि प्रत्येक फेरीला बी थोडं थोडं जमिनीत शिरतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, तोवर कुसळीचं बी आत जाऊन बसलेलं असतं. मला सापडलेल्या बियाची शेपटी जळून काळा ठिपका उरली होती. बी शाबूत होतं.

त्या एका बियाने मला जे दाखवलं तेच तुमच्यासमोर ठेवायचं आहे. वणवा वरून पाहिला की वाटतं सगळं संपलं. पण माती उष्णता फार हळू पुढे देते. गवताची आग एका जागी काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं टिकते आणि वाऱ्याबरोबर चढावर निघून जाते. पृष्ठभागावर तेवढ्या वेळात १०० अंशांच्या वर तापमान गेलं तरी बोटभर खाली ते जेमतेम काही अंशांनी वाढतं. वर पडलेलं बी जळतं. बोटभर खालचं बी वाचतं. आणि या दोहोंच्या मधल्या बारीकशा पट्ट्यात जे असतं, त्याच्यातलं काही धगीनेच जागं होतं.

हे आपल्याला नवीन नाही. माझं आजोळ मुळशीकडचं. एप्रिल-मेमध्ये आजोबा राब भाजायचे. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर ऐनाचा टहाळ, मग पालापाचोळा नि गवत, आणि सगळ्यावर चाळलेली माती. पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सरकत हळूहळू धुमसते. लहानपणी मला वाटायचं की राख खत म्हणून हवी असते. आजोबा म्हणायचे, तण मरायला हवं, नाहीतर जूनमध्ये भातापेक्षा गवतच वर येईल. मातीला किती वेळ किती धग दिली की तिच्यातलं कुठलं बी मरतं, हे त्यांना थर्मामीटरशिवाय कळत होतं. राब धुमसतो तासन्‌तास, म्हणून तण मरतं. टेकडीवरची गवताची आग धावत जाते, म्हणून बी वाचतं. आग तीच, फरक फक्त वेळाचा.

आता धगीने जाग येण्याबद्दल. बहाव्याच्या शेंगेतली बी घ्या. गुळगुळीत, तपकिरी, दगडासारखी. पाण्यात टाकली तर दिवसच्या दिवस तशीच राहते. तिच्या सालीतून पाणी आत जातच नाही, त्यामुळे तिला पाऊस आला हे कळतच नाही. दरवर्षी मी अकरावीच्या मुलांकडून एक साधा प्रयोग करून घेते. एका वाटीत बिया साध्या पाण्यात. दुसऱ्या वाटीतल्या बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवायचं. तिसऱ्या वाटीतल्या बिया गॅसवर चांगल्या दहा मिनिटं उकळायच्या. सकाळी पहिल्या वाटीतल्या बहुतेक बिया कडक असतात. दुसऱ्या वाटीतल्या बऱ्याच टम्म फुगलेल्या असतात, आणि पेरल्या की उगवतात. तिसऱ्या वाटीतल्याही फुगतात, पण त्या शिजलेल्या असतात. मुलं तिसरी वाटी बघून गप्प होतात. ज्या उष्णतेने दार उघडलं तिनेच घर जाळलं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

बहाव्यासारखी कडक साल शेंगावर्गीय वनस्पतींत सर्रास दिसते. आपल्या टेकड्यांवरची बाभूळ, हिवर, खुळखुळा, गवतात लपलेला शेवरा, पहिल्या पावसात भाजीला खुडतो तो टाकळा, सगळे याच गोत्रातले. फेब्रुवारीत पानं गाळून पिवळ्याधमक फुलांनी उभा राहणारा गणेर शेंगावर्गीय नाही, पण त्याच्या बियांची सालही अशीच पक्की. शेंगावर्गीय बियांच्या सालीवर एक अगदी बारीक कमकुवत जागा असते. ठरावीक उष्णता मिळाली की ती तडकते आणि तिथून पाणी आत शिरतं. जगभर अशा बियांवर जे प्रयोग झाले त्यांत साधारण ८० ते १०० अंशांची काही मिनिटं बऱ्याच जातींना मानवतात. १२० च्या पुढे त्यांतल्या बहुतेक मरायला लागतात. त्यातही बी कोरडं असेल तर धग सोसतं. पाणी पिऊन फुगलेलं बी त्याहून पुष्कळ कमी तापमानाला मरतं. म्हणून वळवाची एखादी सर येऊन गेल्यावर मे महिन्यात लागलेला वणवा मला मार्चमधल्या वणव्यापेक्षा जास्त घातक वाटतो.

आणखी एक गोष्ट आगीच्या धामधुमीत कुणाच्या लक्षात येत नाही. आग विझली तरी जमीन तापायची थांबत नाही. गवताची सावली गेली, वर काळी राख बसली. एप्रिलच्या दुपारी अशा उघड्या, काळ्या, कोरड्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे जातो आणि पहाटे निम्म्याहून खाली येतो. रोजचं हे तापणं-निवणं आठवड्यामागून आठवडे चालतं आणि कडक साल सैल होत जाते. मार्चपासून आजपर्यंत त्या उतारावर आपल्या नकळत हे काम चाललेलं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल तेव्हा त्या बिया तयार असतील.

धुराचंही असंच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात १९९० साली असं दिसून आलं की तिथल्या एका दुर्मिळ झुडपाच्या बिया नुसत्या धुरानेही रुजतात. धुरातलं नेमकं कुठलं द्रव्य हे करतं ते २००४ मध्ये सापडलं. त्या कुळातल्या द्रव्यांना पुढे ‘कॅरिकिन’ हे नाव दिलं गेलं, ते ऑस्ट्रेलियातल्या नूंगार लोकांच्या भाषेतल्या धुरासाठीच्या शब्दावरून. तिकडच्या बँक्सिया नावाच्या झाडाझुडपांपैकी काहींची फळं आग लागल्याशिवाय उघडत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि विलक्षण आहे. पण कृपा करून कुणी याचा अर्थ ‘वणवा चांगला’ असा घेऊ नका. त्या प्रदेशांतल्या वनस्पती लाखो वर्षं आगीबरोबर वाढल्या. आपल्याकडच्या बहुतेक बिया आगीची वाट बघत नाहीत, पावसाची बघतात. जांभळाची बी वाळली तरी मरते, तिला धग कुठली सोसणार? पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्याच्या शेवटी वाऱ्यावर उडून जमिनीवर पसरतात. मे महिन्यात आग आली तर त्या कागदासारख्या जळतात. टिटवीची अंडी, चंडोलाची घरटी, सरड्यांची पिल्लं, यांना तर बोटभर मातीचंही संरक्षण नाही.

आणि जो वणवा एकदा सोसवतो तोच दरवर्षी लागला तर काय होतं? शेतकऱ्याच्या घरी बियाण्याची कणगी वेगळी असते. उपास काढतील पण त्या कणगीला हात लावायचे नाहीत. मातीतल्या बियांची साठवण तशीच आहे. टाकळ्याच्या सगळ्या बिया एका पावसात उगवत नाहीत. काही पुढच्या वर्षासाठी, काही त्याच्याही पुढच्यासाठी झोपून राहतात, कारण एखादा पाऊस दगा देतो. वणव्याने एकाच वर्षी नेहमीपेक्षा जास्त बिया उठवल्या तर हरकत नाही, त्या वाढून, फुलून, कणगी पुन्हा भरतील एवढी सवड मिळाली तर. टाकळ्याला ती सवड एका पावसाळ्यात मिळते. गणेराला, बहाव्याला, हिवराला कित्येक वर्षं लागतात. जूनमध्ये उगवलेलं वीतभर रोप पुढच्या होळीच्या सुमारास पुन्हा जळालं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, तर कणगीतून नुसतं काढणंच होतं. काही वर्षांनी पाऊस येतो आणि जमिनीखाली उठायला कुणी नसतं. पवना आणि मारवेलसारखी जनावरांना मानवणारी गवतं मागे पडतात आणि कुसळी पसरत जाते, कारण तिने बी पुरायची सोय स्वतःच करून ठेवलेली आहे. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ असं मानणाऱ्या मेंढपाळ बांधवांना मी हेच सांगत असते. पहिल्या पावसात कोवळी हिरवळ दिसते हे खरं. पण दहा वर्षांनी तिथे उरते ती मेंढीच्या कातडीत घुसणारी कुसळं.

मग खड्ड्यांना माझा विरोध का? कारण हिशोब सरळ आहे. वणव्याची धग बोटभर खाली गेली. आपली कुदळ दीड फूट जाणार. आपल्या टेकड्यांवर माती आहे तरी किती? वीतभर, कुठे दोन वीत, खाली मुरूम आणि काळा पाषाण. त्या वीतभर मातीतच फोडशी आहे, काळी मुसळी आहे, रानकांदा आहे, नशीब असेल तिथे खर्तुडीचे कंद आहेत. हे कंद आगीला भीत नाहीत. बऱ्याच वेळा पहिल्या वळवानंतर आठवड्याभरात जळालेल्या जमिनीतून सगळ्यात आधी यांचीच पानं-फुलं डोकं वर काढतात. कुदळीखाली मात्र ते तुटतात. खड्ड्यातली माती वरखाली झाली की वरच्या थरातलं बारीक बी फूटभर खाली गाडलं जातं, आणि मोहरीच्या दाण्याहून लहान बियाकडे तेवढं वर येण्याइतकी शिदोरी नसते. वर येतो तो मुरूम, त्यात काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका टेकडीवर एका गटाने असेच ओळीने खड्डे घेतले होते. मीही त्यात होते, चार खड्डे मी स्वतः घेतले. आज तिथे गेलं की त्या खड्ड्यांच्या कडेने गाजरगवत आणि कॉसमॉस अगदी रेघेत उभं दिसतं. उकरलेली, मोकळी जमीन त्यांनाच आधी सापडते. लावलेल्या रोपांपैकी मोजकीच उरली आहेत. ते चार खड्डे मला अजून टोचतात.

आपण काय लावतो हाही प्रश्न आहेच, पण तो इथे थोडक्यात सांगते. एके काळी आपल्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, प्रचंड प्रमाणात लावली गेली. ती मध्य अमेरिकेकडची. सुबाभूळही तिकडचीच, आणि तिची बी बहाव्यासारखीच कडक. आग लागली की सुबाभळीच्या बियाही जाग्या होतात. धग गावची-परगावची ओळख ठेवत नाही. तेव्हा जळालेल्या जागी उगवलेलं सुबाभळीचं रोप उपटायला लोक लागतील. हात हवेतच, फक्त कुदळीसाठी नकोत.

अजून एक काम खरोखर तातडीचं आहे. त्या उताराच्या खालच्या अंगाला छाटलेल्या फांद्यांचे आणि वाळलेल्या पाचोळ्याचे ढीग रचून ठेवलेले आहेत. त्यातला एक ढीग मार्चमध्ये पेटला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होता. त्या जागी मी चाकू लावला तेव्हा माती भाजलेल्या विटेसारखी लालसर आणि भुसभुशीत झाली होती, चार बोटं खोलपर्यंत. तिथे मूळ नव्हतं, बी नव्हतं, मुंगीसुद्धा नव्हती. हाच राबाचा प्रकार, फक्त भात पेरायला कुणी नाही. असे ढीग पसरून टाका किंवा खाली उतरवून न्या. आणि कुणाला झाड लावायचंच असेल तर त्या भाजलेल्या वर्तुळात लावा, तिथे बिघडवायला काही उरलेलं नाही.

अधिकारी मंडळींना माझं मागणं वेगळं आहे. एक वही हवी. कुठला उतार कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात जळाला, एवढीच नोंद. उपग्रहावरून आगीच्या सूचना येतात, पण ज्या उपकरणांवर त्या निघतात त्यांचा एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा असतो, आणि अर्ध्या तासात विझलेली गवताची आग दोन फेऱ्यांच्या मधेच संपून जाते. टेकडीवर रोज येणारी माणसं मात्र ती बघतात. लागोपाठ दुसऱ्या वर्षी जळालेला उतार कुठला हे कळलं तर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, आधी तिथे काढता येईल, पहारा आधी तिथे ठेवता येईल. बी पडून गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, गवत कापून न्यायला आसपासच्या गुरंवाल्यांना मोकळीक दिली तर जळायला उरेल तरी काय? आणि वृक्षारोपणाची परवानगी देताना ‘जागा गेल्या वर्षभरात जळाली आहे का’ हा एक प्रश्न अर्जात घाला. उत्तर हो असेल तर एक पावसाळा थांबायला सांगा. आग दिसली की वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा, हे टेकडीच्या प्रत्येक वाटेवर मोठ्या अक्षरांत लिहा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, तेही लिहा, पण फोन नंबर त्याच्या वर असू द्या.

शेजाऱ्यांनो, ५ जूनच्या रोपांचं काय करायचं ते मी ठरवू शकत नाही. सोसायट्यांच्या आवारात, शाळांच्या कुंपणाला, रस्त्याकडेला जागा आहे, आणि तिथे ती जगण्याची शक्यताही जास्त, कारण पाणी घालायला माणूस असतो. एवढी रोपं एका दिवसात लागली नाहीत तर माझ्या गच्चीत ठेवा, मी सांभाळते.

तुम्हाला मात्र मी टेकडीवर बोलावणार आहे. पहिला दमदार पाऊस झाला की त्यानंतरच्या दहाव्या दिवशी, सकाळी साडेसहाला, वणव्याच्या वरच्या टोकाला जी मेडशिंगी उभी आहे तिच्याखाली मी असेन. प्रत्येकाने चार हात सुतळी, चार खिळे आणि एक वही आणायची. सुतळीने एक हात लांब, एक हात रुंद चौकोन आखायचा, एक जळालेल्या भागात आणि एक पायवाटेच्या पलीकडे न जळालेल्या भागात. आत जे उगवलं असेल ते मोजायचं. नाव माहीत नसेल तर पानाचं चित्र काढायचं, नावं आपण मिळून शोधू. लहान मुलांना जरूर आणा, त्यांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात. बसताना तेवढं खाली बघून बसा, तोवर फोडशी उगवलेली असेल.

आपली,
रोज सकाळी टेकडी चढणारी एक शिक्षिका
कोथरूड, पुणे